उसाच्या फडात ओलावा मोजणारं जाळं: मातीपासून सर्व्हरपर्यंत, पायरीपायरीने

शिरोळ, मिरज, वाळवा या भागात फिरलं की हिरव्यागार उसाला लागूनच पांढरी पडलेली रानं दिसतात. मुबलक पाणी, भारी काळी जमीन, कमी निचरा आणि पाळी आली की सऱ्या तुडुंब भरायची सवय यांतून कृष्णा-पंचगंगेच्या काठची हजारो हेक्टर जमीन खारपड (क्षार साठलेली) आणि चोपण (सोडियममुळे घट्ट झालेली) झाली. पाणी कधी द्यायचं आणि किती द्यायचं, या रोजच्या प्रश्नाला इथे जमिनीच्या आयुष्याची किंमत आहे.

हा प्रश्न एकट्या कृषी पदवीधराला सुटत नाही आणि एकट्या संगणक अभियंत्यालाही नाही. पिकाची गरज, भूजलाची पातळी, सेन्सरचं सर्किट आणि रेडिओचं जाळं हे सगळं एका आकड्यात येऊन मिळतं. तो आकडा म्हणजे मुळांच्या थरातला ओलावा. दर वर्षी अनेक महाविद्यालयांत यावर प्रकल्प होतात. बहुतेक ठिकाणी आधी मॉड्यूल खरेदी होतं, मग मोबाइलवर रंगीत आलेख तयार होतो आणि शेत सगळ्यात शेवटी शोधलं जातं. क्रम नेमका याच्या उलट हवा, असं माझं ठाम मत आहे. आधी पाण्याचा निर्णय, मग माती, मग यंत्र आणि जाळं सगळ्यात शेवटी. खालचा लेख त्याच क्रमाने आहे. हातात एक-दोन एकर ऊस, एक विहीर किंवा उपसा सिंचनाची पाळी आणि दोन-तीन धडपडे सहकारी आहेत, असं धरून चालू.

पहिली पायरी: कोणता निर्णय बदलणार ते कागदावर लिहा

'ओलावा मोजणे' हा उद्देश होऊ शकत नाही. 'मुळांच्या थरात ओलावा अमुक टक्क्यांवर आला की पाळी द्यायची, आणि अमुक लिटरच द्यायची' हे वाक्य लिहिता आलं तर तो उद्देश. लिहिता येत नसेल तर अजून काहीही विकत घेऊ नका.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो. समजा तुमच्या काळ्या मातीत निचरा होऊन गेल्यावर, म्हणजे वाफसा येतो त्या सुमाराला, आकारमानाने ३८ टक्के पाणी राहतं. पीक कायमचं कोमेजेल अशी पातळी २० टक्के आहे. मधले १८ टक्के पिकाच्या उपयोगाचे. मुळांचा कामाचा थर ६० सेंटिमीटर धरला तर ६०० मिलिमीटरच्या १८ टक्के, म्हणजे १०८ मिलिमीटर पाणी साठतं. यातलं किती संपेपर्यंत थांबायचं हे पिकावर ठरतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) १९९८ सालच्या ५६ क्रमांकाच्या सिंचन पुस्तिकेत उसासाठी हे प्रमाण ६५ टक्के, टोमॅटोसाठी ४० आणि कांद्यासाठी ३० टक्के दिलं आहे. उसाला १०८ चे ६५ टक्के म्हणजे ७० मिलिमीटर. ओलावा २६ टक्क्यांच्या आसपास उतरला की पाळीची वेळ झाली.

आता लिटरमध्ये बघू. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १०१ लिटर. दहा गुंठ्यांना ७० मिलिमीटर म्हणजे सुमारे ७१ हजार लिटर. पंप सेकंदाला ५ लिटर फेकत असेल तर चार तासांचं काम. पाटात मुरणारं पाणी वेगळं धरा. हा हिशेब शेतमालकासमोर बसून करा. तो आत्ता किती तास मोटर चालवतो ते विचारा. त्या दोन आकड्यांतला फरक हाच तुमच्या संशोधनाचा विषय आहे.

वरचे ३८ आणि २० हे नमुन्याचे आकडे आहेत. तुमच्या मातीचे वेगळे निघतील. वरची पातळी शेतातच काढता येते: एक छोटा वाफा भरपूर भिजवा, वर पाचट आणि प्लास्टिक अंथरा आणि तीन-चार दिवस रोज नमुना घ्या. ओलावा उतरायचा थांबतो ती पातळी आपली. खालची पातळी काढायला १५ बार दाबाचं यंत्र लागतं. त्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणच्या मृदाशास्त्र विभागाची मदत घ्या.

दुसरी पायरी: मातीशी आकडा जुळवा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण प्रकल्प इथेच तरतात किंवा बुडतात.

बाजारात स्वस्तात दोन प्रकारचे सेन्सर मिळतात. दोन उघड्या दांड्यांमधून वीज सोडून रोध मोजणारा सेन्सर घेऊ नका. ओल्या मातीत त्याच्या दांड्या विद्युत-अपघटनाने गंजतात आणि आकडा सरकत जातो. काळ्या पट्टीसारखा दिसणारा कपॅसिटिव्ह सेन्सर त्यातल्या त्यात बरा. मात्र त्याच्या पट्टीच्या कापलेल्या कडांमधून पाणी आत झिरपतं आणि वरची इलेक्ट्रॉनिक्स उघडी असते. कडांना इपॉक्सीचे दोन हात द्या, वरचा भाग इपॉक्सीत पूर्ण बुडवा, वायरचा सांधा उष्णतेने आकसणाऱ्या नळीत बंद करा. मग सगळे सेन्सर एकदा कोरड्या हवेत आणि एकदा एकाच बादलीतल्या पाण्यात ठेवून प्रत्येकाचे मिलिव्होल्ट लिहून घ्या. जो बाकीच्यांपासून फटकून वागतो तो बाजूला काढा. प्रत्येक सेन्सरला नंबर द्या आणि तो पुसणार नाही असा लिहा.

आता खरी जुळवणी. सेन्सर व्होल्ट देतो, ओलावा देत नाही. इंटरनेटवरून उचललेलं सूत्र दुसऱ्या कुठल्या तरी मातीचं असतं. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. ती भिजली की फुगते, सुकली की आकसते आणि भेगा पडतात. त्यामुळे तिची घनताही ओलाव्याबरोबर बदलते. वाळवून, चाळून, कुंडीत भरलेल्या मातीवर केलेली जुळवणी फडात टिकत नाही. ती फडातच करा.

त्यासाठी ५ सेंटिमीटर व्यासाची आणि ५ सेंटिमीटर उंचीची धारदार कडेची लोखंडी नळी लागते. तिचं आकारमान ९८ घन सेंटिमीटर. सेन्सरपासून वीतभर अंतरावर, सेन्सरच्याच खोलीला ही नळी मातीत सरळ ठोका, अलगद काढा, दोन्ही तोंडं सुरीने सपाट करा. माती डब्यात घेऊन लगेच वजन करा. नंतर १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवून पुन्हा वजन. समजा ओली माती १६० ग्रॅम आणि सुकी १२३ ग्रॅम भरली. गेलेलं पाणी ३७ ग्रॅम, म्हणजेच ३७ घन सेंटिमीटर. ३७ भागिले ९८, म्हणजे ३७.८ टक्के ओलावा. त्या क्षणी सेन्सर किती मिलिव्होल्ट दाखवत होता ते शेजारच्या रकान्यात लिहा. कृषी विज्ञान केंद्राच्या माती प्रयोगशाळेत असा ओव्हन असतो. मोकळेपणाने विचारलं तर वापरायला मिळतो.

एका पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पुढच्या पाळीपर्यंत, थोड्या थोड्या दिवसांनी अशा नोंदी घ्या. दहा-बारा तरी हव्यात आणि त्यात अगदी ओली व अगदी सुकी अशी दोन्ही टोकं यायला हवीत. त्यातल्या तीन नोंदी बाजूला ठेवून उरलेल्यांवर दुसऱ्या घाताची वक्ररेषा बसवा आणि बाजूला ठेवलेल्यांवर ती तपासा. चूक तीन टक्क्यांच्या आत आली तर पुढे जा. सहा-सात टक्के येत असेल तर थांबा, कारण वाफसा आणि कोमेजणं यांच्यातलं सगळं अंतरच अठरा टक्क्यांचं आहे.

खारपड रानात आणखी एक अडचण येते. हे स्वस्त सेन्सर कमी वारंवारतेवर चालतात आणि मातीतले क्षार वाढले की ओलावा आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. सेन्सर म्हणतो पाणी आहे आणि ऊस मात्र दुपारी पानं गुंडाळतो. म्हणून त्याच नमुन्यांची विद्युत वाहकताही मोजून घ्या. पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, म्हणजे संपृक्त अर्काची, वाहकता ४ डेसिसीमेन प्रति मीटरच्या वर असेल तर ती जमीन क्षारयुक्त समजतात. अशा तुकड्याची जुळवणी वेगळी करावी लागेल.

तिसरी पायरी: सेन्सर पुरणं

जमीन वाफशावर असताना पुरा. ठणठणीत सुकलेल्या काळ्या रानात सेन्सर ठोकला तर तो मोडतो किंवा त्याच्या बाजूला पोकळी राहते, आणि हवेची एक बारीक फटसुद्धा आकडा खाली ओढते. ओळीच्या बाजूला खड्डा घ्या आणि खड्ड्याच्या न हललेल्या भिंतीत सेन्सर आडवा सरकवा. त्याच मातीचा पातळ चिखल लावून फट बुजवा. खड्डा भरताना खालची माती खाली आणि वरची वर जाऊ द्या. दोन पाळ्या जाईपर्यंतचे आकडे हिशेबात धरू नका, माती बसायला तेवढा वेळ लागतो.

प्रत्येक ठिकाणी तीन खोल्या घ्या: २०, ४० आणि ७० सेंटिमीटर. वरच्या दोन पाळी कधी द्यायची ते सांगतात. तिसरा मुळांच्या कामाच्या थराखाली आहे आणि तो जमिनीसाठी आहे. प्रत्येक पाळीनंतर ७० सेंटिमीटरचा आकडा उसळत असेल तर पाणी खाली वाहून चाललंय. सोबत युरियातून आलेलं नायट्रेटही चाललंय आणि भूजल वर येतंय. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासून घ्या. शेजारी भोकं पाडलेला, जाळी गुंडाळलेला दोन मीटरचा पीव्हीसी पाइप उभा गाडून आठवड्याला पाण्याची पातळी मोजत जा. हे काम अगदी स्वस्तातलं आहे आणि बहुतेक प्रकल्पांत कुणी करत नाही.

वायर उंदीर कुरतडतात आणि खुरपणीत तुटते. ती काळ्या एचडीपीई नळीतून एक फूट खोल न्या. मोठी बांधणी करताना अवजार कुठून जातं ते आधी मालकाला विचारा.

चौथी पायरी: फडातलं यंत्र

इथे लोकांचा जीव रमतो, म्हणून थोडक्यात आटोपतो. ईएसपी-३२ चिप चालेल, पण तिचा स्वतःचा अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर सरळ रेषेत वागत नाही. व्होल्टचा आकडा करणारा एडीएस-१११५ हा वेगळा १६ बिटचा कन्व्हर्टर जोडा. सेन्सरला वीज सतत देऊ नका. मोजायच्या वेळी मॉसफेट या इलेक्ट्रॉनिक स्विचने चालू करा, अर्धा सेकंद थांबा, पंधरा वाचनं घ्या आणि त्यातलं मधलं ठेवा.

विजेचा हिशेब मात्र नीट करा. यंत्र झोपेत ०.१ मिलिअँपिअर घेत असेल आणि तासातून एकदा तीन सेकंद ६० मिलिअँपिअरने जागं होत असेल, तर सरासरी ०.१५ पडते. ६००० मिलिअँपिअर-तासाचा लोह-फॉस्फेट सेल कागदावर चार वर्षांहून जास्त जातो. निम्मा धरला तरी आडसाली उसाचे सोळा-अठरा महिने सहज निघतात. तोच सेल तयार डेव्हलपमेंट बोर्डवर लावला आणि त्यावरचा रेग्युलेटर, यूएसबी चिप आणि दिवा मिळून १० मिलिअँपिअर खात राहिले, तर पंचवीस दिवसांत संपतो. झोपेतला प्रवाह मल्टिमीटर लावून स्वतः मोजा, डेटाशीटवर विसंबू नका.

असा हिशेब बसला की सोलर पॅनेल लागत नाही, आणि ते न लावणंच चांगलं. ऊस डोक्यावर गेला की पॅनेल सावलीत जातं, चोरीला जातं, आणि बंद डब्यात उन्हाळ्यात तापमान एवढं चढतं की साधे लिथियम-आयन सेल चार्ज करणं धोक्याचं ठरतं. त्यांची चार्जिंगची मर्यादा साधारण ४५ अंशांची असते. डबा आयपी-६७ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा घ्या, वायर खालच्या बाजूने आत घ्या आणि आत सिलिका जेलची पुडी टाका. मुंग्यांना एक भोकसुद्धा पुरतं.

पाचवी पायरी: जाळं

वायफाय फडात पोचत नाही. प्रत्येक ठिकाणी सिम कार्ड टाकलं तर रिचार्ज आणि बॅटरी दोन्ही परवडत नाहीत. लोरा हा रेडिओचा प्रकार या कामाला योग्य: वेग अगदी कमी, पल्ला लांब, वीज थोडी. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. मॉड्यूल त्याच पट्ट्याचं आहे आणि त्याला डब्ल्यूपीसी या केंद्राच्या वायरलेस परवाना विभागाची मान्यता आहे, याची खात्री करा. दिसायला तशीच ४३३ मेगाहर्ट्झची मॉड्यूल बाजारात स्वस्त मिळतात, ती या कामाची नाहीत. आणि अँटेना लावल्याशिवाय प्रसारण कधीही सुरू करू नका, आतला अँप्लिफायर जळू शकतो.

पाच-दहा ठिकाणं आणि एकच गोठा किंवा मोटरघर असेल तर साधी थेट लोरा जोडणी पुरते. गावभर पसरायचं असेल तर सगळ्या यंत्रांचे संदेश गोळा करणारा आठ चॅनेलचा गेटवे, लोराचं मोठं जाळं चालवायची लोरावॅन ही पद्धत आणि चर्पस्टॅकसारखा मुक्त सर्व्हर घ्या.

संदेश छोटा ठेवा. यंत्राचा नंबर एक बाइट, क्रमांक दोन, तीन सेन्सरचे सहा आणि बॅटरीचा एक, मिळून दहा बाइट. यात टक्के पाठवू नका, कच्चे मिलिव्होल्टच पाठवा. जुळवणीचं सूत्र नंतर सुधारलं तर जुना सगळा डेटा नव्याने मोजता येतो. टक्केच साठवले असतील तर तो रस्ता बंद होतो. क्रमांक पाठवला की किती संदेश वाटेत हरवले तेही कळतं.

लोरात संदेश किती ताणून पाठवायचा ते ठरवणारा स्प्रेडिंग फॅक्टर ७ पासून १२ पर्यंत जातो. वाढवत गेलात की पल्ला वाढतो आणि वेळ जवळपास दुप्पट होत जातो. १२५ किलोहर्ट्झवर दहा बाइटचा संदेश ७ वर सुमारे ४१ मिलिसेकंदांत जातो, १२ वर जवळपास एक सेकंद घेतो. तेवढाच सेल जास्त खर्च होतो आणि दोन यंत्रांचे संदेश एकमेकांवर आदळण्याची शक्यताही वाढते. ७ ने सुरुवात करा आणि अँटेना उंच करून बघा. त्यानेही भागलं नाही तरच आकडा वाढवा.

अँटेनाच्या उंचीचं महत्त्व पहिल्या महिन्यात कळत नाही. लागणीच्या वेळी सगळे संदेश खडखडीत येतात. मोठ्या बांधणीनंतर ऊस झपाट्याने वाढतो आणि पाण्याने भरलेली पानं रेडिओ लहरी शोषून घेतात. शिवाय लहरींना फक्त सरळ नजरेची रेषा पुरत नाही, त्या रेषेभोवती मोकळी जागा लागते. ८६६ मेगाहर्ट्झला ५०० मीटर अंतरावर मध्यभागी ही जागा साडेसहा मीटर त्रिज्येची असते आणि तिचा ६० टक्के भाग, म्हणजे चार मीटर, मोकळा असावा. फडातली अँटेना किमान उसाच्या शेंड्यावर येईल अशा जीआय पाइपवर लावा आणि गोठ्यावरची तिच्यापेक्षा बरीच उंच न्या. प्रत्येक संदेशासोबत सिग्नलची ताकदही साठवा. पुढे संदेश गळायला लागले तर दोष सेन्सरचा की वाढलेल्या उसाचा, हे त्यावरून कळेल.

मोटरघरातल्या रास्पबेरी पायवर संदेश आधी तिथेच डिस्कवर लिहा, मग एमक्यूटीटी या संदेश पाठवायच्या पद्धतीने बाहेर पाठवा. शेतीच्या फीडरची वीज ठरावीक तासच असते आणि नेट त्याहून लहरी. वीज गेली की मेमरी कार्ड खराब होतं, म्हणून छोटा यूपीएस आणि एसएसडी लावा. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत स्वतःचं घड्याळ नाही. वीज परत आली आणि नेट नसेल तर ते बोर्ड चुकीची वेळ लिहितात आणि ते आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही. डीएस-३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल जोडून टाका.

शेतमालकाला आलेख दाखवू नका. त्याला मराठीत एक मेसेज जाऊ द्या: 'खालचं रान, ओलावा २७ टक्के, दोन दिवसांत पाळी.'

सहावी पायरी: तुलना

एका रानात सेन्सर लावला आणि उतारा चांगला आला, यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्या वर्षी पाऊस चांगला झाला असेल, किंवा ते रानच कसदार असेल. नेहमीची पाळी आणि सेन्सरवरची पाळी असे दोन प्रकार करा आणि प्रत्येकाचे चार-पाच तुकडे पाडा. पाटाच्या तोंडापासून शेवटापर्यंत जमीन बदलत जाते, म्हणून रानाचे तेवढेच आडवे पट्टे करा आणि प्रत्येक पट्ट्यात दोन्ही प्रकार ठेवा. कोणता तुकडा कुणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. मालकाच्या किंवा तुमच्या मर्जीने ठरवलेली वाटणी शेवटी पक्षपातीच निघते. जात सगळीकडे एकच हवी. को ८६०३२ आणि फुले २६५ या उसाच्या जाती मिसळल्या तर तुलनाच बाद होते, कारण फुले २६५ खारवट जमीन जास्त सोसते. दोन तुकड्यांमध्ये तीन-चार सऱ्या सोडा आणि त्यांचा ऊस वजनात धरू नका.

पाणी मोजल्याशिवाय बचतीचा दावा करू नका. ठिबक असेल तर मीटर लावा. पाटाचं पाणी असेल तर पत्र्यात ९० अंशांची व्ही आकाराची खाच कापून तो पत्रा पाटात आडवा बसवा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा. ती उंची अडीच घाताने चढवून ०.०१३८ ने गुणली की सेकंदाचे लिटर मिळतात. १० सेंटिमीटरला ४.४ लिटर, १५ सेंटिमीटरला १२ लिटर. उंची खाचेजवळ मोजू नका, तिथे पाणी खाली वाकलेलं असतं. त्या उंचीच्या चौपट अंतर मागे जाऊन पट्टी रोवा.

मालकाशी आधी लेखी ठरवा: सेन्सरच्या तुकड्यात उतारा घटला तर भरपाई कोण देणार, आणि डेटा कुणाचा. माझ्या मते डेटा पहिल्यांदा त्याचा. त्याच्या परवानगीशिवाय गट नंबरासकट तो कुठेही छापू नये.

सातवी पायरी: तोडणीच्या आधी आणि नंतर

ऊसतोडीची टोळी आली की यंत्र वाचत नाही. तोडणीच्या आठवडाभर आधी जमिनीवरचे डबे काढा, वायरचं टोक बंद करून पुरा आणि जागेची खूण बांधावर करून ठेवा. पाचट पेटवायचा विचार असेल तर मालकाला आधी अडवा. सेन्सरचं नुकसान वेगळंच, पण जमिनीतला ओलावा धरून ठेवणारं आच्छादन हातचं जातं आणि खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या फुटव्यांवर घेतलेल्या पिकात, पाळ्यांचा सगळा हिशेब बदलतो.

तोडणीनंतर प्रत्येक ठिकाणचा निदान एक सेन्सर उकरून काढा, धुवा आणि सुरुवातीसारखाच हवेत व बादलीतल्या पाण्यात धरून मिलिव्होल्ट लिहा. मग लोखंडी नळीने तीन-चार ताजे नमुने घेऊन जुन्या वक्ररेषेवर ठेवून बघा. रेषा तीन टक्क्यांपेक्षा जास्त सरकली असेल तर अहवालात तो आकडा पहिल्या पानावर द्या, आणि खोडव्यासाठी नवे सेन्सर पुरण्याआधी जुळवणी पुन्हा करा.